मी घोट्यावर वाजणारी हातोडी

मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे हं! माझं डोकं रबराचं, दांडा स्टीलचा, आणि मुक्काम डॉक्टरच्या कोटाच्या खिशात. गुडघ्यावर, घोट्यावर मला हलकेच मारतात आणि पाय उडतो का ते बघतात. मला गोड बोलता येत नाही, आधीच सांगते. जन्मच ठोकण्यात गेला.

माझ्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, मला घेतलं तेव्हा ते सर नव्हतेच. मिसरूड फुटलेला विद्यार्थी होता तो. माकडाच्या हाती कोलीत, तशी मी त्याच्या हाती. घरात दिसेल त्याला धरून गुडघ्यावर ठोक! मोठ्या भावाला ठोकलं, शेजारच्या काकांना ठोकलं. शेवटी स्वयंपाकघरातून वहिनींना ओढून आणलं.

या वहिनींनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्या हल्ली सारख्या दमायच्या. कणीक मळता मळता डोळा लागायचा. आवाज घोगरा झालेला, चेहरा सुजल्यासारखा. लोक म्हणायचे, "अंग भरलंय, सुखात आहे बाई!" सगळे पंख्याखाली बसले तरी त्यांच्या अंगावर शाल असायची.

वहिनी खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोऱ्या झाल्या. पावलं मागे लोंबत होती. त्यानं मला टाचेच्या वरच्या शिरेवर मारलं. पाऊल उडालं. तो खूश! लगेच भावाकडे वळून फुशारकी मारायला लागला.

मी मात्र तिथंच होते. ते पाऊल खाली यायला तयारच नव्हतं. जड दार आपोआप लोटलं जावं तसं हळूहळू परत आलं. वहिनी मान वळवून बघत होत्या. त्यांना हसू आलं.

"बघा हो भाऊजी, माझा पायसुद्धा दमलाय!"

"काही झालेलं नाही तुम्हाला वहिनी. एकदम ठणठणीत!"

झालं. त्या दिवसापासून वहिनींनी 'दमले' म्हणणंच सोडून दिलं. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायच्या, "आमच्या घरच्या डॉक्टरनं तपासलंय मला." त्याच थंडीत त्यांना खोकला झाला. झोप यावी म्हणून औषध घेतलं आणि त्या उठल्याच नाहीत. इस्पितळात नेलं, पण उपयोग झाला नाही. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, थायरॉईड पार थंडावलं होतं, बरेच महिने; अशा अंगाला झोपेचं औषध सोसत नाही, आणि ठोकलेलं पाऊलही सावकाश परत येतं. साध्या गोळीनं भागलं असतं. मग त्यांनी भावाला विचारलं, "यांचा घोटा कुणी तपासला नव्हता का हो?" तो शेजारीच उभा होता, आणि त्याच्या खिशात मी.

तेव्हापासून वहिनींचं ते हसू माझ्या रबरात बसलंय. कुणाच्याही घोट्यावर मला मारलं की पाऊल परत येईपर्यंत मला ते ऐकू येतं. सरांनाही येत असणार. नाहीतर त्यांची बोटं माझ्या दांड्यावर अशी आवळली नसती. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, पण कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही त्यांनी.

पुढं ते शिकवायला लागले. विषय एकच आवडता: 'दमल्यासारखं वाटतं' म्हणत आलेला माणूस. पोरं लगेच रक्ताच्या तपासण्या लिहायला बसतात. सर कागद ओढून घेतात. "आधी हात लावा! खालची पापणी ओढून बघा, फिकी आहे का. जीभ बघा. नाडी धरा. मान चाचपा. पायावर बोट दाबा, खळगा पडतो का. आणि शेवटी घोटा. पाय उडताना सगळेच बघतात, तो परत येताना बघा."

पोरांची गंमत अशी, की ती एकमेकांवर शिकतात. विशीतले ते पाय! उडतात काय, परत येतात काय, चेंडूच. संथ पाऊल त्यांनी बघितलेलंच नसतं. त्यामुळे परतण्याची वाट बघायची असते, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही.

त्यात एक मुलगी. सर तिला 'धावपळ' म्हणतात. परवा एक शिवणकाम करणारी बाई आली, जिने चढताना धाप लागते म्हणून. धावपळीनं मला उचललं, घोट्यावर मारलं, "नॉर्मल!" म्हणाली आणि मला खाली ठेवलंसुद्धा.

"परत मार," सर म्हणाले. "आणि या वेळी थांब."

ती थांबली. पाऊल झटकन परत आलं. मग पापणी ओढून बघितली, तर पांढरीफटक. बाईच्या अंगात रक्तच नव्हतं. दुखणं सापडलं, बाई औषध घेऊन गेली. सर खुर्चीत टेकले आणि बसल्या बसल्या पेंगले.

आता खरं सांगते, गेले कित्येक महिने माझा जीव टांगणीला लागला होता. सरांची चाल जड झाली होती. आवाज घोगरा. सगळे घामाघूम, आणि हे स्वेटर घालून पंखा बंद करायला सांगायचे. चेहरा तसाच, सुजल्यासारखा. मी हे सगळं एकदा बघितलं होतं! ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठं आहे?

धावपळ त्यांच्याकडे एकटक बघत होती. कुणी न सांगता ती आयुष्यात पहिल्यांदाच थांबली असेल.

"सर, बूट काढा."

सर दचकून जागे झाले. "मला काय धाड भरलीय? वय झालं, दमणारच."

"वय हे निदान नाही. तुम्हीच सांगता ना? काढा बघू."

ते कुरकुरत खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरे झाले. पावलं मागे लोंबत होती. धावपळीनं मला मारलं. पाऊल उडालं. आणि मला ते हसू ऐकू आलं, अगदी कानाशी.

"उडालं?" सरांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"उडालं, सर."

"आणि?"

ती मुलगी बघत राहिली. नजर हलवली नाही. "येतंय सर... पण फार सावकाश."

सरांनी खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकलं. "वहिनी," एवढंच म्हणाले. धावपळीला वाटलं, त्यांना चक्कर आली.

सर आता सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी घेतात. आवाज मोकळा होतोय, पंखा चालू असतो. मला त्यांनी धावपळीला देऊन टाकलं. तिच्या खिशात पेनं फार टोचतात, पण असो.

माझं रबर आता चिरत चाललंय. जायच्या आधी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी 'दमले' म्हणालं, तर हसून सोडून देऊ नका. ते म्हणणं थांबलं, तर आणखी काळजी करा. वहिनी अजूनही हसतात माझ्यात. त्यांचं पाऊल परत येताना त्यांच्याखेरीज मी एकटीनंच बघितलं होतं.