तात्याकडं बोट

गावात कुणाला बिडी सोड म्हणायची सोय नव्हती. सांगणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत समोरचा अर्जुनातात्याकडं बोट दाखवायचा. सत्तरी उलटली, मिसरूड फुटल्यापासून तोंडात बिडी, आणि गडी अजून मेंढरांमागं माळ चढतो. त्याला कुठं काय झालं? तात्यालाही ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये? स्वतःचं कौतुक कुणाला कडू लागतं!

अन् मग त्याच्या जिवाभावाच्या ज्योतिबाला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. दोघांनी जन्मभर एका काडीवर दोन बिड्या पेटवलेल्या. तात्याला पोरबाळ नाही, म्हणून ज्योतिबाचा अमृत त्याच्याच खांद्यावर वाढला. चालणं तात्यासारखं, मेंढरांना घातलेली शीळ तात्यासारखी. "पोरगं तात्यावर गेलंय," असं कुणी म्हटलं की तात्याचं पोट न जेवताच भरायचं. अमृत आता पिकअप चालवायचा, आणि बिडीही तात्यासारखीच ओढायचा, नाकातनं धूर सोडत.

कराडच्या दवाखान्यात ज्योतिबावर उपचार चालू होते. तिथल्या डॉक्टर उत्कर्षाबाईंनी निरोप दिला, की त्याच्याच वयाचा, तेवढ्याच बिड्या ओढलेला पण आजारी नसलेला माणूस अभ्यासासाठी हवाय, त्याचं रक्त तपासायचंय. तात्यानं भलताच अर्थ काढला. आपलं रगत ज्योतिबाला चढवणार! मग काय, रगत वाढावं म्हणून रोज मूठमूठ शेंगदाणे-गूळ खाऊन, उरलेला पुडीत बांधून गडी अमृतच्या गाडीतनं कराडला हजर. बाही वर सारून म्हणाला, "पायजे तेवढं काढा."

बाईंनी एक लहानशी नळी भरली आणि कापसाचा बोळा लावला. हे ज्योतिबाला द्यायचं नाही, हे कळल्यावर तात्याचा चेहरा उतरला. बाईंनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं. धुरानं शरीराच्या आत, जनुकांना सारखी इजा होत असते, अन् शरीर ती सांधत असतं. घोंगड्यावर ठिणग्या पडाव्यात अन् कुणी बसून रफू करावं, तसं. कुणाचा रफूचा हात चलाख, कुणाचा मंद. तो हात आई-बापाकडून येतो. ज्योतिबाचा मंद असेल का, तेच आम्ही शोधतोय, म्हणाल्या.

"पण तुमचा चलाख आहे असं मी म्हणणार नाही. ठिणग्या पडतच राहिल्या तर कुणाचाही हात कमी पडतो."

तात्याचं पुढचं ऐकण्यात ध्यान नव्हतं. आई-बापाकडून येतो, एवढंच त्याच्या काळजात रुतलं.

निघताना तो ज्योतिबाच्या खाटेपाशी गेला. ज्योतिबाला बोलताना धाप लागायची. त्यानं तात्याचा हात धरला.

"अमृतला लय सांगितलं, गड्या. त्यो तुझ्याकडं बोट दावतो."

एवढंच म्हणाला, आणि हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.

परतीला पुसेसावळीत चहाला थांबले. अमृतनं सवयीप्रमाणं काडी ओढली आणि ओंजळीत धरून आधी तात्यापुढं केली. तात्यानं बिडी काढलीच नाही. अमृतला म्हणाला, तूही सोड ती. अमृत हसला. तुमाला कुठं काय झालंय, म्हणाला, अन् मी तर तुमच्यावरच गेलोय की.

हेच वाक्य दुसऱ्या कुणी खोडलं असतं तर तात्या त्याच्या अंगावर धावून गेला असता. आज त्यालाच ते खोडायचं होतं.

"चालणं माझं घेतलंस, शीळ माझी घेतलीस. पर रगत तुझ्या बापाचं हाय, लेकरा. तू माझा न्हाईस."

बोटांना चटका बसला तेव्हा कुठं अमृतनं काडी टाकली. त्यानं वर बघितलं नाही. तात्याचे डोळे भरले होते, अन् ते त्यानं लपवलेही नाहीत. खिशातलं बिडीचं बंडल काढून त्यानं चहावाल्याच्या चुलीत टाकलं.

"आता खुशाल दाव माझ्याकडं बोट," म्हणाला.

दोघं परत गाडीत बसले. वडूज जवळ आलं तसा तात्याचा हात आपसूक खिशाकडं गेला आणि रिकामाच बाहेर आला. अमृतनं एका हातानं स्टेअरिंग धरून शेंगदाणे-गुळाची पुडी सोडली. मूठभर तात्याच्या तळहातावर ठेवले, अन् उरलेले आपल्या तोंडात टाकले.