आधी पाणी, मग अ‍ॅसिड

बाबा गेले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग होते. सिल्व्हर नायट्रेटचे. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा तिसरा दिवस होता. सकाळच्या तुकडीची सगळी मांडणी करून ते चहाला खाली निघाले, जिन्यातच बसले, आणि उठलेच नाहीत. ते डाग साबणाने जात नाहीत. आठ-दहा दिवसांत कातडीबरोबर आपोआप निघून जातात. तेवढा वेळ त्या बोटांना मिळाला नाही.

वसईतल्या एका शाळेत ते एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर जागा मिळू शकते. एकालाच. बाकीच्यांनी ‘आमची हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं असतं. आमच्या घरात वारस तीन. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ संग्राम. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिकवण्या घेते. संग्राम बारावी झालेला, कुरियरची पार्सलं पोचवतो. त्याचं ऋतिकाशी ठरलं आहे आणि तिचे वडील ‘पर्मनंट’ या एका शब्दासाठी थांबले आहेत.

तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी आईने विषय काढला.

“अर्ज संग्रामच्या नावाने करूया. तू काय, उद्या लग्न करून जाशील.”

“आई, मी तेहतीस वर्षांची आहे.”

“म्हणूनच म्हणते, उद्या.”

संग्राम हसला. मलाही हसू आलं. चौदा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसत होतं, म्हणून मी पुढचं बोलले नाही. तिथेच चुकलं. मला ती जागा हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण त्या खोलीसाठी जास्त. तिथल्या प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी बाबांच्या अक्षरात आहे. हे मी घरात एकदाही मोठ्याने म्हणाले नाही.

मुलाखत मे महिन्यात ठरली. आठवडाभर आधी, रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून फर्डिनंड सर भुईगावहून स्कूटरवर आले. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवतात, बाबांबरोबर पंचवीस वर्षं एकाच खोलीत काढलेली. वाडीतली केळी त्यांनी आईच्या हातात दिली आणि पाणीसुद्धा न पिता माझ्याकडे वळले.

“विनिता, समितीत मीही आहे. मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव आणि मी. कामाचे प्रश्न मीच विचारणार. अ‍ॅसिड पातळ कसं करायचं, सांडलं तर काय करायचं, बाटल्या कशा लावायच्या. तुला काय सांगायचं म्हणा. सदानंद सांगायचा, माझी पोरगी माझ्यापेक्षा बरं टायट्रेशन करते.”

आतल्या खोलीत संग्रामच्या मोबाइलचा आवाज तेवढा येत होता.

“सर, अर्ज संग्रामचा आहे,” आई म्हणाली.

“संग्रामचा?” सर माझ्याकडे बघत राहिले. मी केळी उचलून आत नेली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “बरं. बरं, वहिनी. मग त्याची तयारी करून घ्या.”

त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला मी गेले. “तू सही केलीस?” त्यांनी विचारलं. नोटरीकडची सही अजून व्हायची होती. तसं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि हेल्मेट घातलं.

तयारी मी करून घेतली. दुसरं कोण करणार होतं? रोज सकाळी सात ते आठ, संग्राम कामावर जायच्या आधी. तो शिकवणीच्या मुलांच्या सतरंजीवर बसायचा, मी खुर्चीवर.

“सल्फ्युरिक अ‍ॅसिड पातळ करायचं आहे. काय कराल?”

“त्यात पाणी ओतणार.”

“मेलास.”

“ताई!”

“खरंच मेलास. निदान डोळे तरी गेले. पाणी ओतलंस की ते उकळून उसळतं, तोंडावर येतं. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात अ‍ॅसिड, थेंब थेंब, काडीने ढवळत.”

“आधी पाणी, मग अ‍ॅसिड. ओके. झालं पाठ.”

दुसऱ्या दिवशी त्याने परत उलटं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बरोबर सांगितलं आणि ‘का’ विचारल्यावर गडबडला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “सारखं टोकू नकोस गं त्याला. वडील गेलेत त्याचे.”

माझेही गेले होते. मी पुढचा प्रश्न विचारला.

“हे काम तुम्हाला का करायचं आहे?”

“लग्न अडलंय.”

“संग्राम.”

“अरे, खरं तेच सांगतोय ना!” मग तो म्हणाला, “काय सांगू, ताई? मी एकदाही गेलो नाही तिथे. बाबांनी दोनदा बोलावलं होतं. मला वास सहन व्हायचा नाही.”

तेव्हा मी त्याला एक उत्तर दिलं. माझं होतं ते.

शाळेला सुट्टी लागली की बाबा मला प्रयोगशाळेतला साठा मोजायला बरोबर नेत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बेसिनपर्यंत हात पोचत नसत म्हणून ते मला स्टुलावर उभं करत. मी परीक्षानळ्या ब्रशने घासायची आणि उजेडाकडे धरायची. “पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर काच स्वच्छ,” बाबा सांगत. “थेंब अडकून राहिले तर परत घास. काच खोटं बोलत नाही.” सगळ्या नळ्या उलट्या लावून झाल्या की ते त्यांच्यावरून एक बोट फिरवत. काचांचा एक बारीक आवाज यायचा. मग आम्ही घरी निघायचो.

हे सगळं मी संग्रामला सांगितलं. ‘मी’ म्हणायला सांगितलं, स्टुलासकट. तो चांगलं बोलतो. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जमलं असेल. दुसऱ्याच वेळी त्याने ते असं सांगितलं की आई हातातलं लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि पदराने डोळे पुसले. संग्राम कधीच बाबांच्या प्रयोगशाळेत गेला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तरी पुसले.

मी नळ्या घासायची त्या दिवसांत फर्डिनंड सर त्याच खोलीत पेपर तपासत बसलेले असत. माझ्यासाठी भुईगावची जांभळं आणत. संग्रामला ‘मी’ म्हणायला शिकवताना हे मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी विरारला नोटरीकडे गेलो. संग्राम शेजारी हेल्मेट धरून उभा होता. ‘सदर नियुक्तीस माझी कोणतीही हरकत नाही व भविष्यात राहणार नाही.’ मी दोनदा वाचलं. टायपिस्ट म्हणाली, “बाई, तेच ते असतं सगळ्यांचं.” मी सही केली.

मुलाखतीच्या दिवशी शाळेत सुट्टीमुळे कुणी नव्हतं. सह्यांची खात्री करायला आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली, मी खांबाला टेकून उभी राहिले. तो जिना तिथून दिसत होता. आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. वीज गेली होती, म्हणून आत समितीने दार उघडंच ठेवलं होतं. सगळं ऐकू येत होतं.

अ‍ॅसिडचा प्रश्न झाला. संग्रामने बरोबर सांगितलं. का, तेही सांगितलं. मग सचिवांनी विचारलं, “हे काम का करावंसं वाटतं?”

“मी लहान असताना बाबा मला मेमध्ये इथे आणायचे,” संग्राम म्हणाला. “स्टुलावर उभं करायचे.”

मी फर्डिनंड सरांच्या आवाजाची वाट बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. नळ्या झाल्या, उजेड झाला, काच खोटं बोलत नाही, तेही झालं. एक वाक्य पुरलं असतं. ‘तो मुलगा नव्हता, मुलगी होती,’ एवढंच.

उत्तर तिथे संपायचं होतं. पण संग्राम थांबला नाही.

“घरी आले की बाबा हाताला लिंबू चोळायचे,” तो म्हणाला. “वास जावा म्हणून. मी त्यांचे हात हुंगून बघायचो, मगच त्यांच्या हातचा घास घ्यायचो. वास आला तर परत धुवायला पाठवायचो. ते जायचे. तीन-तीन वेळा जायचे. कधी चिडले नाहीत.” मग तो म्हणाला, “शेवटी हॉस्पिटलात मी हात हुंगला. तेव्हा लिंबू नव्हतं लावलेलं.”

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं.

आत कुणीतरी पाण्याचा पेला सरकवला. थोड्या वेळाने फर्डिनंड सर कागद घेऊन बाहेर आले. आधी आईला विचारलं, तिने मान डोलावली. मग ते माझ्याजवळ आले.

“ही सही तुझीच?”

मी कागदाकडे बघितलं.

“मला जांभळं आठवतात, विनिता,” ते हळू म्हणाले. “तुझ्या फ्रॉकला डाग पडला म्हणून सदानंद माझ्यावर रागावला होता. मी आत बोललो नाही. पण सही कुणी दबावाखाली केली असेल तर ते विचारणं माझं काम आहे. सांगायचं असेल तर आत्ता सांग. नंतर मला काही करता येणार नाही.”

आई बाकावरून आमच्याकडे बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, रुग्णालयात डॉक्टर बाहेर आले तेव्हा केला होता तसाच.

“सही माझीच आहे, सर,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

ते आत गेले. शिक्षण विभागाची मान्यता आली की जूनपासून रुजू व्हा, असं सचिवांनी संग्रामला सांगितलं. आई मुख्याध्यापिकांच्या पाया पडायला निघाली, त्यांनी तिला वरच्या वर धरलं. मग शिपायाने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, कारण साहित्याची यादी संग्रामला ताब्यात घ्यायची होती.

खोलीला तोच वास होता. नळ्या स्टँडवर उलट्या लावलेल्या, त्यांच्यावर तीन महिन्यांची धूळ. बाटल्यांवर बाबांचं अक्षर, किंचित उजवीकडे झुकलेलं. मी कशालाच हात लावला नाही. संग्रामने खुंटीवरचा बाबांचा कोट काढून अंगात घातला. त्याला तो बरोबर बसला. बाह्यासुद्धा.

आई त्याच्याकडे बघत दारातच थांबली. तो माझ्याजवळ आला आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याने विचारलं,

“ताई, अ‍ॅसिडमध्ये पाणी की पाण्यात अ‍ॅसिड? आत सांगितलं मी, पण आता परत गोंधळ होतोय.”

“आधी पाणी,” मी म्हणाले. “मग अ‍ॅसिड. थेंब थेंब.”

“लिहून देशील? बाटलीवर चिकटवतो.”

टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि बाबांचं पेन होतं. मी एक चिठ्ठी घेतली आणि लिहायला बसले.