बेचाळीस शब्द

तीन महिने मी रोज संध्याकाळी टाइपरायटरच्या चाव्यांवर पंचा टाकून बसत होतो. बोटांना अक्षरं न बघता सापडली पाहिजेत, असं हेडक्लार्क राधाकिशन यांचं म्हणणं. ते शेजारी घड्याळ घेऊन बसत, पाच मिनिटं झाली की पेन्सिलीने शब्द मोजत आणि चुकीमागे पाच शब्द कापत. पहिल्या दिवशी माझा वेग भरला मिनिटाला अठरा.

"त्रिंबक, तू मजकूर कशाला वाचतो बे?" ते वैतागले. "अर्थ लागला की बोट थांबतं. नुसती अक्षरं बघ."

मला चाळीस हवे होते. बीडच्या या कचेरीत मी चार वर्षं अडकलो होतो. दिंद्रुडला आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायकोला, मनकर्णाला, इकडे आणता येईना. मागच्या खेपेला घरी गेलो तर माझी लेक मला बघून आत पळाली. "आई, कुणी तरी पाव्हणं आलंय!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माजलगावच्या कचेरीत टायपिस्टची जागा निघाली होती. तिथून दर सुट्टीला घर गाठता आलं असतं, म्हणून मी बदलीचा अर्ज दिला होता. आमच्या कचेरीचे मोहतमीम, म्हणजे मुख्य साहेब, सुंदरराव म्हणाले, "चाळीस करून दाखव. त्याच दिवशी तुझ्या तबादल्याचा कागद धाडतो."

मग मी अर्थ सोडला. जेवताना ताटाच्या काठावर बोटं नाचायची. इंग्रजी मला बऱ्यापैकी कळायचं, पण कागद समोर आला की मी आंधळा व्हायचो. अठराचे सव्वीस झाले, सव्विसाचे चौतीस.

परीक्षेच्या दिवशी सुंदररावांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पुढे ठेवला. राधाकिशननी घड्याळ धरलं. पाच मिनिटांनी त्यांनी शब्द मोजले, पुन्हा मोजले.

"बेचाळीस! एक चूक न्हाई!"

सुंदररावांनी टाइप केलेल्या कागदावर तिथल्या तिथे सही ठोकली आणि पाकीट बंद करून माझ्या हाती दिलं. "घे, तुझाच कागद हाय. टपालात टाक." मी अक्षरशः धावत गेलो. वाटेत लेकीसाठी पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी कागदांच्या नकला फायलीत लावत होतो. परीक्षेच्या त्या कागदाची नक्कल हातात आली. अर्थ बघायची बंदी आता संपली होती, म्हणून वाचली. 'हा टायपिस्ट जिल्ह्यात सर्वांत वेगवान आहे. त्याच्याशिवाय ही कचेरी चालणार नाही. त्याच्या तबादल्याची दरखास्त नामंजूर व्हावी आणि पुन्हा विचारात घेऊ नये.'

माझ्याच बोटांनी छापलेलं. एक चूक नाही.

ती नक्कल घेऊन मी सुंदररावांपुढे उभा राहिलो. "साहेब, तुमी शब्द दिलता."

"कागद धाडतो म्हणलो, धाडला." त्यांनी मान वर केली नाही. "एवढा वेगाचा माणूस हातचा कोण सोडल? जा, लई कामं पडलीत."

राधाकिशन खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माहीत होतं.

टेबलावर नवा कागद होता. ठीक आहे, मी ठरवलं. आजपासून अठरा. अठराचा माणूस त्यांना नकोसा होईल. एकेक शब्द वाचत, थांबत टाइप करायला बसलो. पण डोळे अक्षरांवर गेले आणि बोटं सुटली. मी रोखू पाहत होतो, ती थांबेनात. भानावर आलो तेव्हा कागद संपला होता, आणि त्यात काय होतं ते मला सांगता आलं नसतं.