गुडघ्याचा धक्का

आमच्या बाहेरच्या दाराचं कुलूप लग्नानंतर वर्षभरातच बिघडलं. तेव्हा ह्यांनी एक युक्ती शोधली. मूठ वर उचलायची, दाराला गुडघ्याने धक्का द्यायचा, मग खटका फिरवायचा. "चोर आला तर दमून परत जाईल," असं म्हणून ह्यांनी ते कुलूप कधी बदलू दिलं नाही.

आता ह्यांना लेकीचं नाव आठवत नाही, माझंही नाही. ती युक्ती मात्र अंगात मुरलेली. परवा तसंच दार उघडून निघून गेले आणि संध्याकाळी मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे सापडले. लेकीने कुलूपवाल्याला बोलावलं.

"आजी, हे आतूनही किल्लीशिवाय उघडायचं नाही. आग लागली तर पंचाईत होईल हं."

"बसव बाबा. किल्ली माझ्या गळ्यात असेल."

तो गेल्यावर ह्यांनी चपला घातल्या. मूठ उचलली, गुडघा लावला. तिथला रंग त्या गुडघ्यानेच कधीचा उडवला होता. दार हललं नाही. पुन्हा लावला, पुन्हा. मग माझ्याकडे वळले. जन्मभर मला "अगं" म्हणणाऱ्या माणसाने हात जोडले.

"अहो बाई, हे आमचं दार नाही. मला घरी जाऊ द्या. बायको जेवायची थांबली असेल."

मी किल्ली कपड्याआड सारली आणि ह्यांच्या पायांतल्या चपला काढायला खाली बसले.