नाकाच्या खाली

शेषराव आणि मी नऊ वर्षं एकाच इंजिनात बसलो. ते लोको पायलट, मी त्यांचा असिस्टंट. दल्लीच्या खाणीकडून लोहदगडाने भरलेली मालगाडी भिलाईच्या कारखान्यात आणायची आणि रिकामे डबे घेऊन परत वर जायचं, हे आमचं काम. त्या लाइनीवर वर जाताना एका वळणाशी डाव्या हाताला तीन-चार किलोमीटर लांबीचा डोंगर लागतो. गाडी वळायला लागली की तो सबंध दिसतो, आणि डोंगर न दिसता उताणा झोपलेला माणूस दिसतो. उत्तरेला कपाळ, मग नाक, मग हनुवटी, पुढे छाती, सपाट पोट आणि पार दक्षिणेच्या टोकाला वर घेतलेले गुडघे. आमच्या आधीच्या नागपूरकडच्या गार्ड-ड्रायव्हर लोकांनी त्याला ‘निजलेला बाबा’ नाव ठेवलं होतं. ते कुठल्या नकाशात नाही, पण लाइनीवरच्या सगळ्या मराठी माणसांना ठाऊक होतं.

शेषरावांना त्या बाबाचं फार वेड. नवा असिस्टंट आला की, “हे पाहा, नाक पाहा त्याचं, कसं तरतरीत आहे,” असं कौतुकाने दाखवत. मुलगा पराग सात वर्षांचा होता तेव्हा त्याला मुद्दाम सकाळच्या पॅसेंजरने नेऊन त्यांनी बाबा दाखवला होता. मी सोबत होतो. पोरगं खिडकीच्या गजाला गाल लावून एकेक अवयव बोटाने मोजत होतं.

ते पोरगं सव्वीस वर्षांचं झालं. हथखोजच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम करायचं. शेषराव रिटायर होऊन मरोद्याला घर बांधून राहिले होते, माझं घर दोन गल्ल्या सोडून. परागने रेल्वेची परीक्षा द्यावी म्हणून ते त्याच्या मागे लागले होते आणि पराग देत नव्हता, एवढंच त्या बापलेकांचं भांडण. त्यात एकदा परागच्या आईला, तुळसावहिनींना, त्याच्या बॅगेत एक वही सापडली. वहीभर घुबडांची चित्रं, तारखा, वेळा. वहिनी घाबरल्या. घरात घुबडाचं नाव काढायचं नाही असं ज्या घरात मानतात तिथल्या त्या. त्यांनी वही चुलीत घातली. शेषराव म्हणाले, “रेल्वेचा फॉर्म भराले टाइम नाही न घुबडं पाहाले टाइम आहे!” त्यानंतर पराग रविवारी कुठे जातो ते घरी सांगेनासा झाला. दोस्तांसोबत, एवढंच म्हणायचा.

फेब्रुवारीतला रविवार होता. दुपारचे पावणेचार. मी शेषरावांच्या अंगणात बसलो होतो, चहा यायचा होता. त्यांचा फोन वाजला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, फक्त त्यांचा चेहरा पाहिला. ते उभे राहिले. “कुठी? पराग, कुठी आहे तू? हॅलो?” मग फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघत राहिले.

“काय झालं?”

“पडला म्हणते. डोंगरीवर. नाकाच्या खाली सापटीत आहो म्हणते, पाय हालून नाही राहिला म्हणते. बॅटरी चालली म्हणे. न कटलाच.”

आम्ही पुन्हा पुन्हा लावला. बंद.

कोणती डोंगरी, असा प्रश्न आमच्या मनात आला नाही. नाक म्हटल्यावर बाबाचंच. शेजारच्याची जीप घेतली. परागची बहीण निशा जुनवानीकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, तिला वाटेत घेतलं. ड्यूटीवर तिचा फोन लॉकरमध्ये असतो. जीपमध्ये बसल्यावर तिने फोन सुरू केला आणि एकदम रडायला लागली. परागचे तीन मिस्ड कॉल होते. बापाच्या आधी त्याने तिला लावला होता.

अर्धी वाट गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, तो आपल्या लाइनच्या बाजूनं नाही जात. तो उधरसे जाते, पल्याडून. तिथं कुठलं तरी गाव आहे, तिथली एक मौसी त्याले जेवाले देते. त्यानंच सांगतलं होतं मले.”

शेषराव मागे वळले. “कोणतं गाव?”

“नाव नाही माहीत.”

“म्हणजे तुले माहीत होतं हा तिथं जाते म्हणून? कावून नाही सांगतलं मले?”

निशा म्हणाली, “एखाद्याले तरी पल्याड पाठवू ना, बाबा.”

“अवं, कुठून का चढेना तो, आता नाकाखाली आहे ना? का दोन नाकं असते डोंगराले?” ते माझ्याकडे वळले. “हरिभाऊ, तू सांग.”

मी म्हणालो, “नाक तर एकच आहे.” हे मी म्हणालो. त्या दिवसानंतर मी बाकी काहीही विसरलो तरी हे विसरलो नाही.

ठाण्यातून चार शिपाई मिळाले, जंगल खात्याची दोन माणसं मिळाली. नाकाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. शेषराव सर्वांच्या पुढे. पासष्टाव्या वर्षी ते त्या दगडांवरून असे चढत होते की शिपाई मागे पडत होते. नाकपुडीसारखी एक कपार आहे तिथे, लांबून काळी दिसते. आम्ही ती पाहिली, तिच्या खालची झुडपं पाहिली, हाका मारल्या. अंधार पडल्यावर शिपायांनी शोध थांबवला. शेषराव खाली यायला तयार नव्हते, त्यांना दोघांनी धरून आणलं.

सोमवारी सकाळी तीस माणसं झाली. परागच्या वर्कशॉपमधले त्याचे सोबती दोर घेऊन आले. निशाने विचारलं, “काका, त्याची गाडी कुठे आहे? इकडे तर दिसून नाही राहिली.” तिच्या प्रश्नात किती अर्थ होता ते मला आज कळतं. मी म्हणालो, मरोद्याच्या स्टँडवर मोटारसायकल ठेवून पॅसेंजरने आला असेल. स्टँडवर फोन करून विचारायचं माझ्या मनात आलं आणि दहा माणसांनी दहा कामं सांगितल्यावर राहून गेलं. फौजदाराने मोबाइल टॉवरची चौकशी केली तर तो सगळा डोंगर एकाच टॉवरखाली. “उस तरफ दूसरा थाना लगता है,” तो म्हणाला, “बोलो तो खबर कर दूँ?” शेषराव म्हणाले, “साहब, लड़के ने खुद बताया है, नाक के नीचे. पहले यहाँ का एक-एक पत्थर देखो.” आणि खरंच एकेक दगड पाहिला आम्ही. दोर लावून दोन मुलं कपारीत उतरली. वटवाघळं निघाली. दुपारी निशा एकटीच पायथ्याच्या वाटेने दक्षिणेकडे चालायला लागली होती. शेषरावांनी हाक मारून तिला परत बोलावलं. “तू आईजवळ जा. ती एकटी आहे.” ती तिथेच उभी राहिली बराच वेळ. मग गेली.

मंगळवारी सकाळी साडेआठला, आम्ही पुन्हा पायथ्याशी जमत असताना, दुसऱ्या ठाण्यातून फोन आला.

रस्त्याने वळसा घालून त्या गावात जायला सव्वा तास लागला. डोंगराच्या पूर्वेला पंधरा-वीस घरांची वस्ती. पहिल्याच घराच्या अंगणात परागची मोटारसायकल उभी होती, कोणीतरी तिच्यावर पोतं टाकून ठेवलं होतं. घर मैनाबाईचं, साठीच्या आसपासची बाई, एकटी राहणारी. निशा म्हणाली होती ती मौसी हीच. परागला डोंगरावरून आणून तिच्याच ओट्यावर ठेवलं होतं. चादर होती वर.

शेषरावांनी चादर काढून पाहिलं. परत घातली. मग त्यांनी पोलिसांना नाही, मैनाबाईला विचारलं, “कहाँ मिला?”

तिने डोंगराकडे हात केला. “ओदे, डोकरी दाई के नाक तरी.” म्हातारीच्या नाकाखाली.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. तोच डोंगर होता, आणि तिथून तो बाबा नव्हताच. त्या बाजूने एक म्हातारी झोपलेली दिसत होती, डोकं दक्षिणेला करून. गाल आत गेलेले, तोंड किंचित उघडं आणि वर आलेलं बाकदार नाक. आम्ही ज्यांना बाबाचे गुडघे म्हणत आलो ते मैनाबाईच्या अंगणातून म्हातारीचं नाक होतं. लहान मूलही ओळखेल इतकं स्पष्ट. आम्ही दोन दिवस जिथे होतो ती जागा तिथून साडेतीन किलोमीटर लांब, तिच्या पायांकडे.

त्या नाकाखाली खडकात शिंगवाल्या मोठ्या घुबडांची जोडी घरटं करून होती. पराग दोन वर्षं तिथे जात होता. पिलं बाहेर आली की नाही ते पाहायला वर गेला आणि दगड सुटला. मांडीचं हाड मोडलं होतं, दोन खडकांच्या मध्ये कंबरेपर्यंत अडकला होता. डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम झाल्यावर शेषरावांना बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला, पण शेषरावांनी थेट विचारलं, कधी गेला. सोमवारी संध्याकाळपर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याची बाटली रिकामी होती.

सोमवारी संध्याकाळी आम्ही नाकपुडीतून दोर वर ओढत होतो.

दहाव्याच्या दिवशी शेषराव मला म्हणाले, “हरिभाऊ, मले फोन करून राहिला होता ना तो? मले? मंग माह्यं नाक सांगाचं होतं त्यानं. गुडघ्याखाली आहो म्हणाचं होतं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गणित सुटत नसलेल्या माणसासारखे ते बोलत होते. “लहानपणी दाखवला होता ना मी त्याले. विसरला असन का रे?”

दोन वर्षं तो त्या गावात जेवला, त्यांच्यासोबत बसला, त्यांच्या तोंडचं नाव त्याच्या तोंडात बसलं. बापाने दाखवलेला डोंगर वीस वर्षांपूर्वीचा. दुखत असताना माणूस कोणाला कोणतं नाव सांगायचं याचा विचार करत बसत नाही. हे मी बोललो नाही. मी म्हणालो, “घाबरला असेल.”

निशाने मे महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात नोकरी धरली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली. बापाच्या पाया पडली, पण डोळ्यांकडे पाहिलं नाही. दिवाळीला आली नाही. शेषराव तिला फोन करतात तेव्हा ती उचलते, जेवलात का विचारते आणि आईला द्या म्हणते. त्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ते मला एकदा म्हणाले.

तुळसावहिनी मात्र त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. वर्षभर. स्वयंपाक केला, नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर दिल्या, आल्यागेल्याला चहा दिला. वही जाळल्याचं त्यांनी मनाला किती लावून घेतलं होतं ते मला माहीत होतं, कारण त्यांच्या घरातली चूल पराग गेल्यापासून पेटली नाही, गॅसवरच सगळं. वर्षश्राद्धाच्या आधी त्या मला म्हणाल्या, “हरिभाऊ, मले त्या बाईकडे घेऊन चालता का जी? तिनं पोराले जेवू घातलं. लुगडं नेऊन देतो तिले.”

शेषराव आले नाहीत. त्या लाइनीकडे ते आता जातच नाहीत.

मैनाबाईने वहिनींना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. दोघींना एकमेकींची भाषा अर्धी कळत होती, अर्धी मी सांगत होतो. पराग काय खायचा, कुठे बसायचा, घुबडांची पिलं वाढून उडून गेली, असं ती सांगत होती. वहिनी हूं हूं करत होत्या. मग त्यांनी विचारलं, “ओरडला असन ना तो? तुमाले काई आवाज नाही आला?”

मला हे भाषांतर करून सांगायचं नव्हतं, पण मैनाबाईला ते तसंच कळलं. रडू येऊन तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने वहिनींचे दोन्ही हात धरले.

“आवाज तो आइस रिहिस दीदी,” ती म्हणाली. “मैं सोचेंव घुघवा ए.”

आवाज आला होता. तिला वाटलं घुबड आहे. रविवारी संध्याकाळी आला, सोमवारी पहाटे आला, सोमवारी दुपारीही एकदा. पराग कधीकधी सुट्टी जोडून दोन-दोन दिवस वर राहायचा, म्हणून गाडी अंगणात असूनही ती निश्चिंत होती. दुपारी घुबड ओरडत नाही हे तिच्या मनात आलं तेव्हा ती शेजारच्या घरी गेली होती. पुरुषमाणसं कामावर गेलेली. ती परत आली तोवर आवाज बंद झाला होता. मंगळवारी पहाटे ती गावातल्या माणसांना घेऊन वर गेली तेव्हा तो सापडला.

वहिनी रडल्या नाहीत. लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं, उठल्या. परतीच्या सव्वादोन तासांत एकदाच बोलल्या, खिडकीची काच वर करून द्या म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा शेषराव फाटकाशी उभे होते. बहुतेक दुपारपासून उभे असावेत.

“भेटली का?” त्यांनी विचारलं. “काय म्हणे?”

मी म्हणणार होतो, काही नाही, बरी आहे. माझ्या आधी वहिनी बोलल्या.

“आवाज येत होता म्हणे त्याचा. दोन दिवस.” त्यांनी चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या. “कोणी तिकडून गेलं असतं तर ऐकू आला असता.”

आणि त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातला दिवा लागला, कुकरचं झाकण वाजलं. शेषरावांनी फाटक दोन्ही हातांनी धरलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर त्यांनी खांदा बाजूला घेतला. “तू जा घरी, हरिभाऊ,” ते म्हणाले.

मी गेलो. त्यांच्याकडे चहाला जाणं तेव्हापासून सुटलं. गल्लीत भेटतो, तब्येत विचारतो. ते बरी आहे म्हणतात, मीही बरी आहे म्हणतो.