न झालेला नाच

एझ्रा फ्रिप देवाच्या घरात नाचला. भर दुपारी, सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या देखत.

असं काही झालेलंच नाही. बेटावर तसं ठरलंय, आणि बेटावर एकदा ठरलं की भरतीसुद्धा विचारून येते. तेव्हा आपणही तो नाचला नाही असंच धरून चालू.

तो आला होता पियानो वाजवायला. खरं तर त्यासाठीही नाही. त्याला फेरात जागा हवी होती. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या या बेटावर प्रार्थना संपली की बाकं भिंतीला सरकवतात आणि माणसं गोल फेर धरतात. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या त्यांच्या पूर्वजांचे ढोल गोऱ्या मालकांनी काढून घेतले, तेव्हा त्यांनी जमिनीचाच ढोल केला. एकजण काठी आपटतो, बाकीचे टाळ्या देतात, आणि पाय घासत घासत फेर पुढे सरकतो. नियम एकच: पायावर पाय येता कामा नये. घासला तर प्रार्थना, आडवा गेला तर नाच. आणि नाच म्हणजे सैतानाशी सोयरीक.

एझ्राची आजी गेल्यापासून फेरातली तिची जागा रिकामी होती. लोक तेवढं अंतर सोडून फिरत. ती कुणाला द्यायची हे व्हर्डी आत्याच्या हातात होतं, कारण फेर तिच्या हुकमावर चाले.

बेटावर जन्मून शिकागोत वाढलेला एझ्रा हा अख्खा फेर एकटा पियानोवर वाजवायचा. डावा हात काठी, उजवा हात टाळ्या. पॅरिसला वाजवला, आफ्रिकेत अक्राला वाजवला. आधी उभं राहून धीरगंभीर आवाजात सांगायचा, "आमच्यात पायावर पाय येऊ देत नाहीत." लोक डोळे पुसायचे. मग रेकॉर्ड निघाली, आणि त्याने ती बेटावर घरोघर पाठवली.

आत्याने तिचं कव्हर चौकटीत बसवून ओट्यावर ठेवलं होतं. पुढ्यात साखरेची बरणी, कव्हरवरच्या त्याच्या फोटोचा खालचा भाग पूर्ण झाकणारी. देवळाचा कारभार बघणाऱ्या डीकन गॅडसनकडे त्याच भागावर कॅलेंडर. एझ्राला वाटलं, बिचाऱ्यांना जागेची अडचण.

"कूटा, भात घे अजून," आत्या म्हणाली. कूटा म्हणजे कासव. बेटावर प्रत्येकाला असं एक घरचं नाव असतं.

"आत्या, हा शब्द थेट आफ्रिकेतून आलाय. मी तिथे जाऊन विचारून आलो."

"एवढ्या लांब कशाला गेलास? मला विचारायचं. रांगताना उताणा पडलास की सरळ होत नव्हतास."

दुपारी देवळात त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग तो वाजवू लागला, आणि काय सांगावं, काठी अशी पडत होती की आयुष्यभर काठी आपटत आलेल्या डीकन गॅडसनची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. फक्त हाताकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे वाकून पियानोच्या खाली बघत होते. एझ्राला वाटलं, भक्तीने वाकलेत. त्याने समाधानाने डोळे मिटले. संथ भाग आला, आणि दरवेळेसारखा त्याचा डावा पाय हळूच उठून उजव्या घोट्यावर मांजरासारखा जाऊन निजला.

एक हातपंखा थांबला. मग सगळेच थांबले. सिस्टर ओरेथा पर्स उघडून आत बघत बसल्या. पर्समध्ये काहीच नव्हतं, तरी त्या शेवटपर्यंत बघत होत्या.

त्याने शेवटचा सूर सोडला. आमेन नाही, टाळी नाही. डीकन उठले आणि म्हणाले, "सूचना. मंगळवारी कोळंबीचा भात आहे. आपापली ताटली आणावी."

एझ्राने आत्याला पायरीवर गाठलं. "कुठे चुकलं? काठी?"

"काठी झकास. गॅडसन म्हणतो, माझ्याहून बरी. म्हणून तर आत रडत बसलाय."

"मग?"

"नियम काय आहे रे आपला?"

"पायावर पा..."

तोंड तसंच उघडं राहिलं. त्याला ते कव्हर आठवलं: पियानोखाली ऐटीत आडवे टाकलेले, पॉलिश केलेले, भलेमोठे दोन पाय. साखरेची बरणी आठवली. कॅलेंडर आठवलं. अक्रात पहिल्या रांगेतली एक म्हातारी हसली होती. तो आशीर्वाद समजून तिच्या पाया पडला होता.

"तोंडाला माहीत आहे तुझ्या," आत्या म्हणाली. "पायाला कुणी कळवलंच नाही."

"मला का नाही कुणी कळवलं?"

"काय कळवायचं? तुझे पाय टपालाने घरी आले. पाहुण्याची नजर गेली की आम्ही म्हणायचो, साखर घ्या."

कठड्याला टेकलेल्या एझ्राने खाली पाहिलं. पाय आत्ताही आडवेच होते. त्याने ते सोडवेपर्यंत आत्या शहाण्यासारखी आभाळाकडे बघत राहिली.

"आत्या, माफी मागतो. सगळ्यांची."

"कशाची? आज काही झालंच नाही. भाताची सूचना झाली, बस."

"आणि आजीची जागा?"

"तिचा विषय तू वाजवल्यावर निघणार होता. आज कुठे वाजवलंस?"

न झालेल्या गोष्टीची माफी मागता येत नाही, हे एझ्राला तेव्हा कळलं. तो परत आत गेला, डीकनसमोर पायांत हातभर अंतर ठेवून उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला:

"माननीय डीकन व समस्त मंडळी, अर्जदार आज दुपारी या पवित्र वास्तूत नाचला, असे घडल्याचे कृपया मान्य करावे, म्हणजे अर्जदारास रीतसर माफी मागता येईल. ते शक्य नसल्यास उर्वरित अर्जदारास फेरात आजीच्या जागी घ्यावे, आणि डाव्या पायास फेर संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती."