पुलाजवळची पाच उत्तरं

आमच्या घरात भांडणं फार कमी होतात, आणि जी होतात ती मी एकटीच करते. नवरा भांडतच नाही. "तू म्हणशील तसं," म्हणतो आणि चष्म्याची काच पुसत बसतो. चष्मे बनवणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे पुसायला काच नेहमी हाताशी असते.

व्हिडिओ गेमच्या बाबतीतही तेच. त्याला जपानी रोल-प्लेइंग गेम लाडके. नायक ठरलेला, गोष्ट ठरलेली, सोबत्यांचा गोतावळा ठरलेला. आपण नुसतं त्यांच्याबरोबर चालायचं आणि शेवटी डोळे पुसायचे. अख्ख्या खेळात एक शब्द न बोलणाऱ्या नायकामागे हा माणूस साठ-साठ तास फिरतो. मला पाश्चात्त्य गेम हवेत. नाकाच्या शेंड्यापासून माणूस मी घडवणार, मनात येईल त्या डोंगरावर चढणार, कुणी काही विचारलं तर माझं उत्तर मी निवडणार.

"तुझ्या खेळात गोष्ट कुठाय?" तो म्हणतो.

"तुझ्या खेळात मी कुठाय?" मी म्हणते. सहा वर्षं हेच चाललंय.

मी क्ष-किरण विभागात काम करते. परवा दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून बोलावणं आलं. विभागप्रमुखाची जागा होती, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मी त्याला विचारलं, "जाऊ की थांबू?"

"तू म्हणशील तसं."

माझं डोकंच फिरलं. "तुझा नायक मुका आणि तूही मुका! मी तुला हवी आहे की नको, एवढं तरी कळू दे मला."

त्याने चष्मा काढून काच पुसायला घेतली. मग मी दोन दिवस अबोला धरला. पण आतून घाबरले होते. याला खरंच काही वाटत नसेल तर?

शनिवारी कामावरून आले आणि राग घालवायला माझा गेम लावला. पाहते तर एकाच जागी खेळ जपून ठेवल्याच्या पाच नव्या नोंदी, पाच नवे सेव्ह. माझ्या गेममध्ये एक तिरंदाज सोबतीण आहे. नदीवरच्या पुलाजवळ ती विचारते, "मी जाऊ?" आणि निवडायला पाच उत्तरं समोर येतात. मी तिथेच खेळ थांबवला होता. कुणीतरी पाचही उत्तरं एकेक करून देऊन पाहिली होती.

तो दुकानातून आला तेव्हा मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्याचे कान लाल झाले.

"म्हटलं, काय बोललं की ती थांबते ते बघावं."

"मग?"

"पाचही वेळा जाते गं बया."

राग होता तरी मला हसू फुटलं. "अरे, पण तुझं उत्तर काय?"

"मला वाटतं, जाऊ नकोस. आणि तू जावंस असंही वाटतं. दोन्ही एकदम म्हणायची सोयच नाही तिथे."

माझा सगळा राग ओसरला. "एवढं बोलायला दोन दिवस लागले तुला?"

"तू दोनच पर्याय दिलेस," तो माझ्याशेजारी बसून, खाली बघत म्हणाला. "जाऊ की थांबू. येतोस का, असं विचारलंच नाहीस."

उत्तरं निवडण्यात मी पटाईत, आणि माझा प्रश्नच अर्धा होता. मला फार लाज वाटली, आणि त्याच्यावर फार प्रेम दाटून आलं.

"आणि दुकान?"

"अधू डोळे काय, सगळीकडेच असतात."

"मग चल," मी म्हटलं.

तो खरंच उठून उभा राहिला.